टर्म्स शंभर पाठ आहेत, तरी मार्जिनमध्ये ‘सो व्हॉट?’

पत्र: ताई, मी कवठेमहांकाळ तालुक्यातली, रोज एसटीनं सांगलीला कॉलेजला येते. बीए सेकंड इयर, इंग्लिश स्पेशल. बारावीपर्यंत सगळं मराठी मीडियम. आम्हाला अनसीन कविता नाहीतर उतारा देतात आणि ॲनालिसिस लिहायला सांगतात. एका पीडीएफमधून मी साहित्यातल्या आणि व्याकरणातल्या शंभरावर टर्म्स पाठ केल्यात, पेपरात सापडतील तेवढ्या सगळ्या लिहिते तरी दहापैकी तीन नाहीतर चार पडतात. परवा सरांनी मार्जिनमध्ये नुसतं ‘सो व्हॉट?’ लिहिलं, मला रडूच आलं. मेटॉनिमी आणि सिनेकडकी यात माझा कायम गोंधळ होतो, मीटर तर ऐकूच येत नाही. वर्गातल्या इंग्लिश मीडियमच्या मुली भराभर पानं भरतात. किती टर्म्स पाठ केल्या म्हणजे पुरतील? स्पेलिंग चुकलं तर मार्क जातात का? का सरळ हिस्टरी घेऊ?

उत्तर:

अगं, आधी शेवटचं बोलते. हिस्टरी मनापासून आवडत असेल तर खुशाल घे, पण मार्जिनमधल्या दोन शब्दांमुळं घेऊ नकोस. तुला ते लागलं हे कळतंय मला, पण सर तुला त्यातून ‘तुला येत नाही’ असं सांगत नाहीयेत, ते विचारतायत की बाई तू ॲलिटरेशन, म्हणजे शब्दांच्या सुरुवातीला परत परत येणारा तोच ध्वनी, शोधलंस, बरोबर शोधलंस, मग त्यानं त्या ओळीत झालं काय ते पण सांग की. तुझं उत्तर चुकत नाहीये, ते अर्ध्यात थांबतंय.

आणि ते अर्ध्यात का थांबतंय याचं कारण मला तरी आपल्या दहावीच्या इंग्लिशच्या पेपरात दिसतं. आठव, त्यात कवितेचं ‘ॲप्रिसिएशन’ असायचं, टायटल, पोएट, ऱ्हाइम स्कीम, फिगर्स ऑफ स्पीच, सेंट्रल आयडिया, एकेका मुद्द्याला एकेक ओळ लिहिली की झालं. शाळेच्या वयाला ते ठीक होतं, निदान कविता नीट बघायची सवय लागली, पण तू अजून तेच लिहितेयस, फक्त दोन फिगर्सच्या जागी वीस आल्यात. त्याच पेपरात दुसरा एक प्रश्न होता जो आपण सगळे नुसता मार्कांसाठी सोडवायचो आणि विसरून जायचो, तो म्हणजे ‘डू ॲज डायरेक्टेड’. चेंज द व्हॉइस, रिमूव्ह टू, टर्न इन्टू इनडायरेक्ट, ‘बट’च्या जागी ‘दो’ वापरा. खरं सांगते, कॉलेजातल्या ॲनालिसिसची खरी तयारी तुझी तिथं झालीये, ॲप्रिसिएशनमध्ये नाही. कारण तिथं तू वाक्य बदलायला शिकलीस. फक्त बदलल्यावर काय हरवलं आणि काय नवीन आलं हे कुणी विचारलं नाही. आता तेवढंच विचारायचंय.

बघ कसं. शाळेतलं ठरलेलं वाक्य, ‘ही इज पुअर बट ऑनेस्ट.’ आपण करायचो ‘दो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट.’ फुल मार्क. आता हेच उलटं कर, ‘दो ही इज ऑनेस्ट, ही इज पुअर.’ माणूस तोच, गरिबी तीच, प्रामाणिकपणा तोच, पण पहिल्या वाक्यात त्याचं कौतुक ऐकू येतं आणि दुसऱ्यात हळहळ, म्हणजे इतकं प्रामाणिक राहून मिळालं काय तर गरिबी. हे कशामुळं झालं? मेन क्लॉजमध्ये काय ठेवलं आणि सबऑर्डिनेट, म्हणजे गौण क्लॉजमध्ये काय ढकललं त्यामुळं, आणि वाक्याच्या शेवटाला काय आलं त्यामुळंही, कारण इंग्लिशमध्ये जोर बहुतेक वेळा शेवटाकडं पडतो. आता पेपरात ‘द रायटर युजेस अ सबऑर्डिनेट क्लॉज’ एवढंच लिहिलंस तर सर परत तेच दोन शब्द लिहिणार. पण ‘गरिबी सबऑर्डिनेट क्लॉजमध्ये टाकून लेखक ती मागं सारतो आणि प्रामाणिकपणा शेवटाला ठेवतो, उलटं केलं असतं तर वाक्य तक्रारीसारखं वाटलं असतं’ हे लिहिलंस की सरांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. टर्म एकच वापरलीस, पण ती कामाला लावलीस.

माझं स्पष्ट मत आहे की तुम्ही मुली फिगर्स ऑफ स्पीचच्या मागं फार पळता आणि व्याकरणाच्या टर्म्सना शाळेतलं म्हणून सोडून देता. सिमिली, मेटाफर दिसायला छान असतात म्हणून लगेच सापडतात, पण उताऱ्यात खरं काम बऱ्याचदा व्हॉइस करतो, मस्ट-शुडसारखा मोडल करतो, प्रोनाउन करतो, टेन्स करतो. आपल्या सांगलीचंच घे. २०१९ च्या महापुरानंतर पाणी कुणी सोडलं, कधी सोडलं, का सोडलं नाही यावरून किती वाद झाले ते तुला आठवत असेल. आता मी तीन वाक्यं बनवते. ‘द ऑफिसर्स रिलीज्ड वॉटर फ्रॉम द डॅम.’ ‘वॉटर वॉज रिलीज्ड फ्रॉम द डॅम.’ ‘वॉटर केम डाउन फ्रॉम द डॅम.’ पहिल्यात माणसं आहेत, जबाबदार कोण ते लिहिलंय. दुसरं पॅसिव्ह, त्यातला ‘बाय’वाला भाग गाळलाय, व्याकरणात त्याला एजंट म्हणतात, म्हणजे कुणीतरी सोडलं हे कळतं पण कोण ते नाही. तिसऱ्यात तर सोडणाराच उरला नाही, पाणी आपलं आपण आलं, तिथं क्रियापद इनट्रान्झिटिव्ह, म्हणजे अकर्मक आहे त्यामुळं कुणी केलं हा प्रश्न विचारायला जागाच नाही. दिवाणखान्यात पाणी शिरलेल्या माणसाला या तीन वाक्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही, आणि एखाद्या बातमीत कुठलं वाक्य निवडलंय हे दाखवणं हेच ॲनालिसिस.

पण यात एक फसगत आहे, ती आत्ताच सांगून ठेवते. ‘पॅसिव्ह म्हणजे लपवाछपवी’ असं पाठ करू नकोस. सायन्सच्या प्रयोगवहीत सगळं पॅसिव्हच असतं, तिथं कुणी काही लपवत नाही, मिश्रण कुणी ढवळलं याला तिथं महत्त्वच नसतं. ‘शी वॉज बॉर्न इन मिरज’ यात काय लपलंय? काही नाही. तसंच ‘स’ ध्वनी परत परत आला की त्याला सिबिलन्स म्हणायचं, पण तो दरवेळी शांतच वाटतो असं नाही, सापाच्या फुत्कारासारखा पण वाटू शकतो, आजूबाजूचे शब्द काय आहेत त्यावर आहे. तुझ्या पीडीएफमध्ये टर्मच्या समोर ‘इफेक्ट’ असा कॉलम असणार, असला तर तो कॉलम खोडून टाक. इफेक्ट पीडीएफ बनवणाऱ्याला माहिती नसतो, कारण त्यानं तुझ्यासमोरची कविता वाचलेली नाही.

मोडलचं पटकन बघून घे. ‘ही मस्ट गो होम’ यात सक्ती आहे, ‘ही मस्ट बी ॲट होम’ यात अंदाज आहे, आणि ‘मस्ट’ एकच. नोटीस बोर्डवर ‘स्टुडंट्स मस्ट’ असेल, ‘स्टुडंट्स शुड’ असेल नाहीतर ‘स्टुडंट्स मे’ असेल, तर लिहिणारा आपल्याशी कुठल्या नात्यानं बोलतोय ते त्या एका शब्दात कळतं. आणि ‘रिमूव्ह टू’ आठवतंय ना, ‘ही इज टू टायर्ड टू वॉक’चं ‘ही इज सो टायर्ड दॅट ही कॅनॉट वॉक’? बदललं की लगेच एक ‘नॉट’ बाहेर येतो, म्हणजे नकार मूळ वाक्यातच होता पण उघड नव्हता. कथेतला एखादा म्हातारा ‘मला चालता येत नाही’ असं न म्हणता ‘टू टायर्ड’ म्हणत असेल तर तो नकार गिळतोय, आणि हे तू रिमूव्ह टूच्या जोरावर दाखवू शकतेस!

आता डायरेक्ट इनडायरेक्ट, कारण त्यातूनच एक भारीतली टर्म सोपी होते जी बघून सगळे घाबरतात, फ्री इनडायरेक्ट स्पीच. एक मुलगी स्टँडवर उभी आहे. ‘शी सेड, विल द बस एव्हर कम?’ हे डायरेक्ट. ‘शी वंडर्ड इफ द बस वुड एव्हर कम’ हे इनडायरेक्ट. आणि कादंबरीत येतं असं, ‘शी लुक्ड ॲट द क्लॉक. वुड द बस एव्हर कम?’ यात ‘विल’चं ‘वुड’ झालंय म्हणजे टेन्स निवेदकाचा, पण प्रश्नाची रचना, प्रश्नचिन्ह आणि तो वैताग मुलीचा, आणि ‘शी वंडर्ड’ गायब. निवेदक आणि पात्र एकाच वाक्यात बोलतायत. इंग्लिश कादंबरीत ही रीत भरभरून वापरणाऱ्यांत जेन ऑस्टिन अगदी आधीची, म्हणजे १८१० च्या दशकातली, आणि तुझ्या सिलॅबसमध्ये पुढं एकोणिसाव्या शतकातली कादंबरी आली की तुला पानोपानी ही सापडेल. उताऱ्यात असं वाक्य दिसलं की ते मनात डायरेक्ट करून बघ, इनडायरेक्ट करून बघ, दोन्हीकडं काहीतरी कमी पडतं, जे कमी पडतं तेच लिही.

मेटॉनिमी आणि सिनेकडकी. सिनेकडकीत भाग आणि अख्खी वस्तू असं नातं असतं, ‘घरात खाणारी सहा तोंडं आहेत’, तोंड हा माणसाचाच भाग. इंग्लिशमध्ये ‘ऑल हँड्स ऑन डेक’, हात म्हणजे खलाशी. मेटॉनिमीत ती गोष्ट भाग नसते, नुसती लागून असते, जोडीनं येते, ‘दिल्लीनं निर्णय घेतला’, ‘उद्या हळदीला जायचंय’, इंग्लिशमध्ये राजसत्तेला ‘द क्राउन’. मुकुट राजाच्या अंगाचा भाग नाही, त्याच्या पदासोबत येतो. मराठीच्या व्याकरणात तू लक्षणा शिकलीस, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याला जोडून येणारा अर्थ घ्यायचा, ‘पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली’, हे दोन्ही साधारण त्याच घरातले. आणि ऐक, कितीतरी अभ्यासक सिनेकडकीला मेटॉनिमीचाच एक प्रकार धरतात, त्यामुळं नक्की ठरत नसेल तर मेटॉनिमी लिही आणि पुढं जा, त्या भांडणात पेपरातली दहा मिनिटं घालवू नकोस. ती दहा मिनिटं बांगडीच का हे लिहायला वापर. ‘सव्वा लाख माणसं मेली’ म्हटलं तर आकडा रणांगणावर राहतो, ‘बांगडी फुटली’ म्हटलं की तो घराघरात जातो, मागं राहिलेल्या बायकांपर्यंत. हे तुला मराठीत आपोआप कळतं ना, मग इंग्लिशमध्येही कळेल, फक्त बदलून बघायची सवय हवी.

मेटाफरला पण हेच. ‘हर व्हॉइस वॉज अ रस्टी गेट’ समज. ज्याबद्दल बोलायचंय तो आवाज, त्याला टेनर म्हणतात, आणि जे उसनं आणलंय ते गंजलेलं फाटक, ते व्हेइकल, हे दोन शब्द इंग्लिश समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ साली दिले. आता फाटक काढून ‘ब्रोकन बेल’ घाल. आवाज तेवढाच वाईट, पण फुटकी घंटा आता कायमची गेली आणि गंजलेलं फाटक मात्र बरेच दिवस कुणी उघडलं नव्हतं एवढंच, ते अजून उघडू शकतं. म्हणजे ती बाई बऱ्याच दिवसांत कुणाशी बोलली नसावी. बघ एका शब्दातून केवढी गोष्ट निघाली.

मीटर ऐकू येत नाही यात तुझा काही दोष नाही, आपले कान वेगळ्या हिशोबावर तयार झालेत. आपली वृत्तं लघु-गुरूवर चालतात, म्हणजे अक्षर किती वेळ लांबवायचं त्यावर, आणि मोठा अभंग अक्षरं मोजतो, ६, ६, ६, ४. इंग्लिश मीटर चालतं स्ट्रेसवर, कुठल्या सिलेबलवर, म्हणजे उच्चाराच्या कुठल्या तुकड्यावर जोर आहे त्यावर, आणि मराठीत जोर इकडचा तिकडं केला तरी शब्द बदलत नाही म्हणून आपलं तिकडं लक्षच जात नाही. इंग्लिशमध्ये बदलतो. ‘रेकॉर्ड’ नाउन असेल तर जोर पहिल्या सिलेबलवर, व्हर्ब असेल तर दुसऱ्यावर. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफी’मध्ये ‘टॉ’वर, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर. हे चार-पाच दिवस नुसतं मोठ्यानं म्हण, मांडीवर थाप मारत म्हण, फोनवर ऑनलाइन डिक्शनरीत उच्चार ऐक आणि जोराची खूण बघ, शब्दातल्या मुख्य जोराच्या सिलेबलआधी वर एक छोटी उभी रेघ असते. मग ही ओळ घे, मी तुझ्यासाठीच केलीये: ‘द रेन केम डाउन अपॉन द ओल्ड टिन रूफ’. दहा सिलेबल, एक हलकं एक जोराचं अशा पाच जोड्या, जोर ‘रेन’, ‘डाउन’, ‘पॉन’, ‘ओल्ड’, ‘रूफ’वर. हेच आयँबिक पेंटामीटर, यापेक्षा जास्त काही नाही. आता बदल: ‘रेन! डाउन इट केम अपॉन द ओल्ड टिन रूफ’. सिलेबल परत दहाच, पण सुरुवातीलाच दोन जोर लागोपाठ पडले, ठरलेली चाल तुटली, आणि पाऊस एकदम आला. पहिल्या ओळीतला पाऊस संथ लागून राहिलेला होता. अख्खी कविता आयँबिक आहे हे लिहिण्यापेक्षा ती कुठल्या ओळीत आयँबिक राहिली नाही आणि तिथं काय घडतंय हे लिही, मार्क तिथं आहेत.

ओळ कुठं तोडलीये तेही असंच. ‘आय होप्ड दॅट ही वुड स्टे’ इथं ओळ संपते आणि खालच्या ओळीत ‘अवे फ्रॉम अस’. वाक्य पूर्ण न होता ओळ संपून खाली सांडते ते एन्जॅम्बमेंट. क्षणभर वाटतं तिला तो राहायला हवाय, आणि खाली उतरलो की उलटंच. आता ओळ ‘वुड’पाशी तोडून बघ, ती सगळी गंमत गेली. टोन आणि मूडचं थोडक्यात, टोन बोलणाऱ्याचा आणि मूड वाचणाऱ्यावर चढणारा, आणि व्याकरणातला इम्परेटिव्ह मूड वगैरे वेगळाच, तो यात मिसळू नकोस.

इंग्लिश मीडियमच्या मुलींबद्दल. त्यांचा हात चालतो हे खरं आहे, लहानपणापासून इंग्लिशमध्ये लिहितायत, ते तुला वेळ घेऊनच जमणार. पण वाचलेल्यात नेमकं काय चाललंय हे दिसणं वेगळं असतं. याच रिचर्ड्स यांनी १९२० च्या दशकात केंब्रिजला विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता दिल्या आणि मत लिहायला सांगितलं, तर ज्यांची मातृभाषाच इंग्लिश अशा चांगल्या शिकलेल्या पोरांनीही भलतेसलते अर्थ लावले. अनसीन सगळ्यांनाच अनसीन असतं. उलट तू इंग्लिश व्याकरणातून शिकलीस, क्लॉज कुठला आणि फ्रेज कुठली हे तुला विचारलं तर सांगता येतं, ज्या ऐकून ऐकून शिकल्या त्यांना बऱ्याचदा नाही येत. ते तुझं भांडवल आहे गं.

किती टर्म्स? माझ्या मते पंचवीस-तीस भरपूर झाल्या, त्यातल्या निम्म्या व्याकरणाच्या. पेपरात मात्र तीन-चारच वापर आणि प्रत्येकीला चार-पाच ओळी दे. उतारा आला की पेन खाली ठेवून दोनदा वाच, जिथं अडखळलीस, जिथं काहीतरी वेगळं वाटलं तिथं खूण कर, टर्म नंतर आठव. सगळी वाक्यं लांब असताना एकच तीन शब्दांचं, सगळं भूतकाळात असताना एक वाक्य वर्तमानात, अशा जागा. प्रागच्या भाषा-साहित्याच्या अभ्यासकांनी १९३० च्या दशकात यावर बरंच काम केलं, फोरग्राउंडिंग ही टर्म तिथूनच आली, नेहमीची चाल मोडून एखादी गोष्ट पुढं आणणं. मग ती जागा साध्या पद्धतीनं लिहून बघ, रफला, एका ओळीत. आणि दोन्हीतला फरक उत्तरात लिही. सराव एसटीत होतो, वही पण लागत नाही, नाहीतर सांगलीत उतरल्यावर वाचनालयात इंग्लिश पेपर घे आणि पहिल्या पानावरचं एक वाक्य पॅसिव्हचं ॲक्टिव्ह कर, बघ कुणाचं नाव बाहेर येतं.

स्पेलिंगचं. ओनोमॅटोपिया, सिनेकडकी, एन्जॅम्बमेंट, ही तीन खरंच अवघड आहेत, ती पाठच कर, रोज एकदा लिहून काढ. तरी ऐन वेळी स्पेलिंग आठवलं नाही तर टर्म सोडून दे आणि इंग्लिशमध्ये साधं लिही, जसं ओनोमॅटोपियाच्या जागी, की शब्दाचा आवाज त्या वस्तूच्या आवाजासारखा आहे, त्यामुळं ते भांडं पडलेलं ऐकू येतं. एखादा परीक्षक अर्धा मार्क कापेलही, पण उरलेलं उत्तर उभं राहतं. चुकीची टर्म ठासून लिहिलीस तर ते उभं राहत नाही. आणि तो ‘सो व्हॉट’वाला पेपर फेकून दिला नसशील तर त्याच उताऱ्यावर परत लिही, तीनच टर्म्स घेऊन, आणि सरांना नेऊन दाखव. ज्यांनी मार्जिनमध्ये प्रश्न विचारला ते उत्तर वाचायला नाही म्हणणार नाहीत.